चाळिशीनंतर सायकल टिकवायची कशी

हौसेने घेतलेली सायकल वर्षभरात जिन्याखाली जाऊन उभी राहते, हे लातूरसारख्या शहरात कोणत्याही गल्लीत पाहायला मिळते. कारण विचारले की गुडघे, ऊन, रहदारी अशी उत्तरे येतात. परंतु माझ्या पाहण्यातल्या बहुतेक सायकली बंद पडल्या त्या घराच्या वेळापत्रकात त्यांना जागा मिळाली नाही म्हणून. चाळिशी-पन्नाशीतला माणूस एकटा नसतो. मुलांच्या शिकवण्या, आईवडिलांची औषधे, दुकान किंवा नोकरी, गावाकडची शेती आणि जोडीदाराचा स्वतःचा दिवस, या सर्वांतून सायकलीसाठी वेळ काढायचा असतो. म्हणून सायकलीच्या निवडीआधी मी घराविषयी लिहीत आहे, आणि वाचकांनीही कामाला लागताना हाच क्रम ठेवावा असे मला मनापासून वाटते.

आधी घरातील सकाळ मोजावी

घरातील सर्वांची पहाटे पाच ते आठपर्यंतची कामे एका कागदावर वारांप्रमाणे लिहून काढावीत. आमच्याकडे हे तीन तास सर्वांत दाटीचे असतात. ‘लातूर पॅटर्न’मुळे, म्हणजे परीक्षांची कसून तयारी करून घेण्याच्या इथल्या पद्धतीमुळे, अकरावी-बारावीची मुले असलेल्या घरांत भल्या सकाळची शिकवणी हा नित्याचा भाग झाला आहे, आणि मुलाला किंवा मुलीला तिथे पोचवण्याचे काम बहुधा त्याच माणसाकडे असते ज्याला सायकल चालवायची आहे. नळाला पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येते त्या दिवशी हौद आणि टाकी भरेपर्यंत घरात हात कमी पडतात, तेव्हा त्या सकाळी सायकल काढूच नये. घरात वडीलधारी माणसे असतील तर त्यांचा चहा आणि रक्तदाबाची गोळी यांची वेळही या कागदावर यावी. हे सर्व लिहून झाले की आठवड्यातील कोणत्या सकाळी खरोखर मोकळ्या आहेत ते दिसते, आणि त्या बहुतेक घरांत तीन-चारच निघतात.

तेवढ्या पुरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. आठवड्यातील मधल्या दोन सकाळी पाऊण-पाऊण तास आणि रविवारी दीड तास सायकल चालवली तरी १८० मिनिटे होतात. रोज जायचे ठरवून पंधरा दिवसांत घरच्यांचा रोष ओढवून घेण्यापेक्षा तीन दिवस ठरवून ते वर्षभर पाळणे कितीतरी चांगले. उरलेल्या सकाळींपैकी निदान दोन जोडीदाराच्या असाव्यात: त्या दिवशी डबा, पाणी आणि मुलांचे आवरणे आपण पाहावे आणि त्याने किंवा तिने फिरायला, योगासनांना किंवा निवांत झोपायला मोकळे असावे. घरातील एकालाच मोकळी सकाळ मिळत असेल तर त्या सकाळीचा भार दुसऱ्यावर पडलेला असतो, आणि असा छंद फार काळ टिकत नाही, टिकूही नये.

घरी सांगताना किलोमीटर सांगू नयेत, परत येण्याची वेळ सांगावी. ‘औशापर्यंत जाऊन येतो’ याचा अर्थ घरच्यांना लागत नाही. ‘साडेसातला परत येतो’ याचा लागतो. ही वेळ पाळण्यासाठी घड्याळावर वळण्याची सवय लावावी. ठरलेल्या वेळेपैकी निम्मी संपली की जिथे असाल तिथून सायकल फिरवावी, मग ठरवलेले गाव समोर दिसत असले तरी. वळताना घरी एक छोटा निरोप धाडावा. वृद्ध आईवडील आपण परत येईपर्यंत फाटकाकडे कान लावून असतात, आणि तेवढ्या एका निरोपाने त्यांची सकाळ सुखाची होते.

तयारी आदल्या रात्री संपवावी. बाटली भरून ठेवणे, दिवे चार्जिंगला लावणे, टायरमधील हवा पाहणे आणि कपडे बाहेरच्या खोलीत काढून ठेवणे याला दहा मिनिटे लागतात. हीच कामे पहाटे केली तर सगळे घर जागे होते.

शरीराची तपासणी आणि पहिले तीन महिने

चाळिशीनंतर नव्याने किंवा अनेक वर्षांच्या खंडानंतर सुरुवात करणाऱ्याने रक्तदाब, रक्तातील साखर आणि डॉक्टरांनी सांगितल्यास ईसीजी या तपासण्या करून घ्याव्यात. घराण्यात हृदयविकार असेल, धूम्रपानाची सवय असेल किंवा जिना चढताना छाती भरून येत असेल तर डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय सायकलीवर बसूच नये. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर झपाट्याने कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी व्यायामाच्या दिवशीच्या मात्रेविषयी डॉक्टरांना विचारावे आणि खिशात साखरेची पुडी कायम ठेवावी. दरदरून घाम, हातांची थरथर, एकाएकी आलेला गोंधळ ही साखर उतरल्याची लक्षणे जाणवताच थांबून तीन चमचे साखर खावी आणि पंधरा मिनिटे बसून राहावे.

पहिल्या महिन्यात एका वेळी आठ-दहा किलोमीटरांच्या पुढे जाण्याची गरज नसते. वेग मोजण्याऐवजी बोलण्याची कसोटी वापरावी: शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतका श्रम योग्य. दोन शब्दांनंतर धाप लागत असेल तर गिअर हलका करावा. मिनिटाला सत्तर ते ऐंशी वेळा पाय फिरतील असा हलका गिअर ठेवण्याची सवय सुरुवातीलाच लावावी, कारण जड गिअर रेटण्याची सवय या वयात गुडघ्यांना महागात पडते. त्यानंतर आठवड्याचे एकूण अंतर सावकाश, दहाव्या हिश्श्याच्या आसपास वाढवत नेले तर दोन-तीन महिन्यांत लातूर ते औसा आणि परत, म्हणजे सुमारे चाळीस किलोमीटर, बऱ्याच जणांना सहज जमते.

सायकल कोणती आणि सीट किती उंच

निवडीवर लोक आठवडेच्या आठवडे घालवतात, पण आपल्याकडच्या रस्त्यांसाठी उत्तर तसे सरळ आहे. शहरातून निघून राज्य रस्त्याने आसपासच्या गावांपर्यंत जाणाऱ्या माणसाला ३२ ते ४० मिलिमीटर रुंदीचे टायर, डिस्क ब्रेक, मडगार्ड बसवण्याची सोय आणि पुढच्या चाकाला शॉकॲब्सॉर्बर नसलेला साधा, ताठ काटा (फोर्क) असलेली हायब्रीड सायकल पुरते. स्वस्त सायकलीतील पुढचे शॉकॲब्सॉर्बर वजन वाढवतात आणि खड्ड्यांत फारसे उपयोगी पडत नाहीत. अगदी अरुंद टायरची शर्यतीची सायकल आपल्या खडीच्या आणि ठिगळांच्या रस्त्यांवर त्रासदायक ठरते. किंमत ठरवताना हेल्मेट, दिवे, पंप, जादा ट्यूब आणि कुलूप यांचा खर्च त्यातच धरावा, आणि हा सगळा आकडा घरात आधी मोकळेपणाने सांगावा.

सीटची उंची मात्र पैशांपेक्षा महत्त्वाची आहे. आपल्याकडे सीट खाली ठेवण्याची सवय आहे, कारण थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत असे लहानपणापासून मनात बसलेले असते. भिंतीला टेकून सीटवर बसावे, पेडल सर्वांत खाली आणून त्यावर टाच ठेवावी. पाय सरळ झाला पाहिजे आणि कंबर एका बाजूला कलता कामा नये. नंतर पायाचा चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्यात हलकीशी वाक राहते, आणि तीच हवी असते. मोजून करायचे असल्यास अनवाणी उभे राहून जांघेपासून जमिनीपर्यंतची लांबी घ्यावी, तिला ०.८८३ ने गुणावे आणि येणारे अंतर दोन्ही पेडलांचे दांडे ज्या मधल्या ॲक्सलला जोडलेले असतात तिच्या केंद्रापासून सीटच्या माथ्यापर्यंत ठेवावे. लांबी ७८ सेंटिमीटर असेल तर हे अंतर सुमारे ६९ सेंटिमीटर येते. गुडघ्याच्या पुढच्या बाजूस दुखत असेल तर बहुधा सीट खाली आहे, मागच्या बाजूस ताण येत असेल तर ती वर आहे. एका वेळी पाच मिलिमीटरच बदल करून आठवडाभर पाहावे. हाताची बोटे बधिर होत असतील तर सीटचे नाक पुढे झुकलेले आहे का आणि हँडल फार लांब पडते का, हे पाहावे. जांघेत बधिरपणा आला तर तो अंगवळणी पडण्याची वाट पाहू नये, सीट बदलावी.

ऊन, वारा आणि पाऊस

मराठवाड्यात सायकलीचे पंचांग वेगळे असते. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचे दिवस सर्वांत चांगले. अंतर वाढवायचे असेल, नव्या वाटा पाहायच्या असतील, तर त्या याच काळात. मात्र जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि त्याआधीचा काळोख दाट असतो, म्हणून पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा यांशिवाय पहाटे निघू नये.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. या महिन्यांत पावणेसहा ते सव्वासहाच्या दरम्यान सूर्य वर येतो, तेव्हा पाचला निघून साडेसातपर्यंत घरी पोचावे. उन्हाळ्याच्या तोंडाशी पहिले दहा-पंधरा दिवस अंतर आणि वेग दोन्ही कमी ठेवावेत, कारण शरीराला उष्णतेची सवय व्हायला साधारण तेवढा अवधी लागतो. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी घोट-घोट प्यावे. एका तासापेक्षा जास्त वेळ जाणार असल्यास एका बाटलीत लिंबू, साखर आणि मीठ घालावे. एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण लक्षात ठेवायला सोपे आहे. रक्तदाबाच्या रुग्णांनी मिठाविषयी डॉक्टरांना विचारावे. डोके दुखू लागले, मळमळले, अंगावर काटा आला की तेथेच झाडाखाली थांबावे. सोबतचा माणूस बरळू लागला किंवा त्याची त्वचा तापून लाल झाली तर तो उष्माघात समजावा: त्याला सावलीत झोपवून अंगावर पाणी ओतत राहावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध नीट नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये.

पावसाळ्यात आपल्या पठारावर पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून जोराचा वारा वाहतो. वाऱ्याचा विचार न करता मार्ग ठरवला तर जाताना आनंद वाटतो आणि येताना दमछाक होऊन घरी दिलेली वेळ चुकते. म्हणून जाताना वारा तोंडावर आणि परतताना पाठीशी असेल अशी दिशा निवडावी. लातूरहून औसा नैर्ऋत्येच्या अंगाला आहे, त्यामुळे जून ते सप्टेंबरमध्ये ती वाट सोयीची. हिवाळ्यात वारा पूर्वेच्या अंगाने येऊ लागला की चाकूरच्या दिशेने निघावे आणि वेळेप्रमाणे मधूनच वळावे. पावसानंतर शेतरस्त्यांवर जाऊ नये. ओली काळी माती टायर आणि मडगार्ड यांच्या मधे अशी गच्च बसते की चाक फिरत नाही आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते; मुरमाचा रस्ता असेल तरच आत शिरावे.

सराटे आणि पंक्चर

आपल्याकडे सायकलस्वाराचा खरा परीक्षक म्हणजे सराटा. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला पसरणारी ही जमिनीलगतची वेल पिवळ्या फुलांची आणि दिसायला निरुपद्रवी असते. पाऊस सरला की तिची काटेरी फळे वाळून कडेच्या मातीत विखुरतात आणि कसेही पडले तरी त्यांचा एखादा काटा वरच राहतो. त्यात बाभळीच्या छाटलेल्या फांद्यांची भर पडते. म्हणून ऑक्टोबरनंतर डांबर सोडून कडेच्या मातीत सायकल उतरवू नये, आणि थांबायचे असेल तेव्हा ती उचलून स्वच्छ जागी ठेवावी. मागून वाहन आल्यामुळे खाली उतरावेच लागले तर पुढे जाऊन थांबावे, दोन्ही चाके हाताने फिरवून पाहावीत आणि रुतलेले काटे लगेच काढावेत, कारण काटा प्रत्येक फेऱ्यात आणखी आत जातो. काटा काढताच फुस्स आवाज आला तर ट्यूबला छिद्र पडलेलेच होते. काट्याने फक्त ते बुजवून ठेवले होते.

पंक्चर काढता येणे ही या भागात सायकल चालवण्याची पहिली अट मानावी. रविवारी सकाळी गावांतील दुकाने उघडायला उशीर लागतो आणि मोटारसायकलचे पंक्चर काढणाऱ्याकडे सायकलीच्या मापाची ट्यूब नसते. जवळ दोन टायर लीव्हर, एक जादा ट्यूब, पॅच, सोल्यूशन, पॉलिश पेपरचा तुकडा आणि छोटा पंप असावा. चाक काढून लीव्हरने टायरची एक कड रिमबाहेर घ्यावी आणि ट्यूब बाहेर काढावी. रस्त्यावर शक्यतो ट्यूबच बदलावी व पॅच घरी लावावा. नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून सुती फडके पूर्ण गोल फिरवावे. जिथे ते अडकेल तिथे काटा आहे. बोट फिरवू नये, रक्त निघते. एक काटा सापडला म्हणून थांबू नये, कारण सराटे क्वचितच एकटे लागतात. नव्या ट्यूबमध्ये थोडी हवा भरून ती गोल करून बसवावी, म्हणजे ती टायर आणि रिम यांच्या मधे चिमटत नाही. शेवटची कड लीव्हरऐवजी अंगठ्यांनी आत ढकलावी.

घरी पॅच लावताना ट्यूब पाण्यात बुडवून सर्व छिद्रे शोधावीत, जागा पूर्ण कोरडी करावी, पॉलिश पेपरने खरवडावी आणि पॅचपेक्षा थोड्या मोठ्या भागावर सोल्यूशनचा पातळ थर लावावा. त्यानंतर चार-पाच मिनिटे काहीच करायचे नसते. थर ओला असताना पॅच दाबण्याची घाई हेच पॅच सुटण्याचे मुख्य कारण आहे. वारंवार पंक्चर होत असेल तर आत काटारोधक थर असलेला टायर घ्यावा किंवा ट्यूबमध्ये सीलंट, म्हणजे बारीक छिद्र आतून बुजवणारा द्रव, भरावा. हवेचा दाबही पाहावा: सत्तर-पंचाहत्तर किलो वजनाच्या माणसाला ३२ मिलिमीटरच्या टायरमध्ये मागे साठ पीएसआयच्या आसपास आणि पुढे पाचेक कमी इतका दाब बरा पडतो. मात्र टायरच्या कडेवर छापलेली मर्यादा पाळावी.

ऊस, सोयाबीन आणि मोकाट कुत्री

साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर येतात. उसाची मोळी ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेली असते, अनेक ट्रॉल्यांना मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसतो, आणि चढावर भार मागे सरकून ऊस खाली पडतो. अशा ट्रॅक्टरच्या शेजारून सायकल चालवू नये आणि अगदी मागेही राहू नये. वीस-पंचवीस मीटर अंतर ठेवावे आणि समोरचा रस्ता दूरवर मोकळा असेल तेव्हाच एका दमात पुढे जावे. ट्रॉलीला धरून ओढले जाण्याचा खेळ मुले करतात. त्यांना तो करू देऊ नये.

सुगीत काही ठिकाणी शेतकरी सोयाबीन किंवा तूर डांबरी रस्त्यावरच वाळत घालतात आणि कडेने दगड मांडतात. पिकावरून सायकल नेऊ नये, कारण शेंगांवरून चाक घसरते आणि दुसऱ्याच्या कष्टाचे धान्य चिरडते. उतरून चालत जावे आणि सूर्योदयापूर्वीच्या अंधारात या दगडांची आठवण ठेवावी. चौपदरी महामार्गावर वेगाची वाहने, अरुंद पूल आणि चुकीच्या बाजूने येणाऱ्या मोटारसायकली यांचा एकत्र धोका असतो. वेळ थोडा जास्त लागला तरी जुने राज्य रस्ते आणि गावांना जोडणारे रस्ते निवडावेत. तुळजापूरची सुमारे पाऊणशे किलोमीटरची वाट अनेकांना खुणावते, पण आश्विनात नवरात्रापासून कोजागरीपर्यंत त्या वाटेवर पायी जाणाऱ्या भक्तांची दाटी असते. तेव्हा रस्ता त्यांचा मानावा आणि आपण दुसरा महिना निवडावा.

कुत्री मागे लागली तर जोर करून पळण्यापेक्षा थांबणे बहुधा सुरक्षित ठरते. उतरावे, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मधे धरावी, आवाज चढवावा आणि चालत पुढे जावे. चावा घेतल्यास जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी.

घरातील इतरांना सोबत घेणे

जोडीदाराला सायकल येत नसेल तर शिकवण्यासारखा आनंद नाही, आणि पन्नाशीतही ती शिकता येते. आपल्या गावांत आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या अनेक स्त्रियांना मुली म्हणून सायकल मिळालीच नव्हती. ती उणीव भरून काढायला उशीर झालेला नाही. रविवारी पहाटे शाळेचे रिकामे मैदान गाठावे. मधला दांडा खाली झुकलेली सायकल घ्यावी आणि सीट इतकी खाली करावी की दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकतील. नंतर १५ मिलिमीटरच्या पान्याने दोन्ही पेडले काढावीत. उजवे पेडल नेहमीच्या दिशेने सुटते, डावे मात्र उलट आट्याचे असते, म्हणून ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवावे लागते. आता शिकणाऱ्या व्यक्तीने सीटवर बसून पायांनी जमीन ढकलत चालायचे आणि हळूहळू दोन्ही पाय उचलून तरंगत जायचे. आधी तोल, मग ब्रेक, मग वळणे, आणि हे तिन्ही जमल्यावर पेडले परत बसवायची. मागून सायकल धरून धावू नये आणि हँडलला तर हातच लावू नये, कारण तोल शोधायचा असतो तो शिकणाऱ्याच्या हातांना. साडीचा किंवा ओढणीचा पदर चेनमध्ये आणि चाकात अडकतो, तेव्हा चेनकव्हर असावे आणि ओढणी आवळून बांधावी. शिकवताना मैदानाच्या कडेला सूचना देणारे नातेवाईक उभे करू नयेत. एक शिकवणारा आणि एक शिकणारा पुरे.

मुलांना रस्त्यावर नेताना मूल डाव्या कडेला आणि आपण त्याच्या मागे किंचित उजवीकडे असावे, म्हणजे येणाऱ्या वाहनाला आधी आपण दिसतो. दोघे मोठे असतील तर एकाने पुढे राहावे. हेल्मेट भुवयांच्या दोन बोटे वर बसले पाहिजे आणि पट्टा हनुवटीखाली नीट आवळलेला हवा. आपण स्वतः हेल्मेट न घालता मुलांना घालायला लावले तर ते ऐकत नाहीत, आणि त्यांचे बरोबर असते.

लातूर-धाराशिवकडच्या घरांना एक दिवस तर आयताच मिळतो. मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला सगळे शहर शेताकडे निघते. घरची मंडळी भज्जी, उंडे आणि आंबिलाचे मडके घेऊन गाडीने जातात, तेव्हा मोठ्या मुलांसह आपण सायकलीने पुढे निघावे. शेत पंधरा-वीस किलोमीटरांवर असेल तर ही मुलांची पहिली लांब फेरी होऊ शकते. त्या दिवशी रस्त्यांवर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वाहने असतात, म्हणून गर्दीच्या आधी, उजाडताच निघावे. शेतात कडब्याच्या कोपीची, म्हणजे छोट्या खोपटाची, पूजा मांडायला मदतही होते. जेवणानंतर लगेच परतीला सायकलीवर बसू नये. आंबील पोटभर प्यायल्यावर तर नाहीच. मुले दमली असतील तर सायकली टेम्पोत टाकून आणण्याची सोय आधीच बोलून ठेवावी.

थोड्या पाण्यात देखभाल

२०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या शहरात सायकल नळीखाली धुणे शोभत नाही, आणि त्याची गरजही नाही. कोरड्या ब्रशने धूळ झाडावी, अर्ध्या बादलीत दोन थेंब भांड्यांचा साबण टाकून फडक्याने सांगाडा पुसावा. चेन मात्र आठवड्याला कोरड्या फडक्यातून उलटी फिरवून स्वच्छ करावी आणि प्रत्येक कडीवर पातळ वंगणाचा एकेक थेंब सोडून दहा मिनिटांनी वरचे सगळे पुसून काढावे. गाडीचे जाड तेल वापरू नये. आपल्या धुळीत त्याची पेस्ट होते आणि ती दातेरी चक्रे झिजवते. नव्या चेनमध्ये एका पिनेपासून पुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर येते. हे अंतर इंचाच्या सोळाव्या भागाने वाढले की चेन बदलावी, म्हणजे मागच्या चाकावरील दातेरी चक्रांचा महागडा संच, म्हणजे कॅसेट, वाचतो.

मोठ्या पल्ल्याची इच्छा झाल्यावर

वर्ष-दीड वर्ष नियमित सायकल चालली की अनेकांना २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेची, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब फेरीची, ओढ लागते. फ्रान्समधील ऑडॅक्स क्लब पॅरिसियनच्या नियमांनुसार हे अंतर साडेतेरा तासांत पूर्ण करायचे असते. ती शर्यत नव्हे, क्रमांक दिला जात नाही, म्हणून पन्नाशीतल्या माणसालाही ती शोभते. त्यासाठी दोन-तीन महिने रविवारची फेरी ६०, ८० आणि मग १०० ते १२० किलोमीटरांपर्यंत वाढवावी लागते, म्हणजे घरातले जवळजवळ सगळे रविवार त्यात जातात. ही गोष्ट नोंदणीचे पैसे भरण्याआधी घरी मांडावी, लग्नसराई आणि मुलांच्या परीक्षा यांच्याशी तारीख ताडून पाहावी आणि होकार मिळाल्यावरच पुढे जावे. वाटेत दर पाऊण तासाला थोडे खात राहावे. केळी, शेंगदाण्याची चिक्की आणि दुधात मळलेली दशमी पोटाला सोसते. फेरी संपल्यावर स्वतः गाडी चालवत घरी येऊ नये, कारण तेरा तासांच्या श्रमानंतर डुलकी न सांगता येते. घरातल्या कोणाला तरी सोबत न्यावे किंवा त्या रात्री तिथेच मुक्काम करून सकाळी निघावे.